फोटो विकताय की भाड्याने देताय? फूड फोटोग्राफीचा दर, लायसन्स आणि कोटेशन

"एका डिशचे किती?"

फूड फोटोग्राफरला येणारा पहिला फोन बहुतेक वेळा एवढाच असतो. आणि उत्तरही तितकंच झटपट जातं. कुणी अडीचशे सांगतं, कुणी साडेतीनशे, कुणी "तुम्हीच सांगा ना सर, जमवून घेऊ." फोटो कुठे लागणार, किती दिवस लागणार, आणखी कोण वापरणार, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही. आणि नेमका पैसा त्याच तीन प्रश्नांत असतो.

मी या व्यवहारात दुसऱ्या बाजूला बसते. माझं फरसाण-फराळाचं दुकान आहे, मी फोटो विकत घेते. त्यामुळे गिऱ्हाईक म्हणून सांगते. इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर टाकलेला चकलीचा फोटो २४ तासांत जातो. तोच फोटो दिवाळीच्या बॉक्सवर छापला तर तो मला तीन-तीन दिवाळ्या कमावून देतो. कॅमेरा तोच, लाइट तोच, चकलीसुद्धा तीच. मग दोन्हीची किंमत एकच कशी असेल?

अमेरिकेतले व्हिडिओ बघून भारतात कोटेशन देऊ नका

आपल्याकडची नवीन मुलं शिकतात ती अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या फोटोग्राफरचे व्हिडिओ बघून. लाइट शिकायला ते उत्तमच. पण लायसन्सचा विषय आला की ते लोक एक गोष्ट गृहीत धरून बोलतात: फोटो मी काढला म्हणजे कॉपीराइट माझा, आणि क्लायंटला मी फक्त वापराचा परवाना देतो. त्यांच्याकडे फ्रीलान्सरच्या बाबतीत साधारण तसंच आहे. आपल्याकडे नाही.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याचं कलम १७ काढून बघा. सुरुवातीला म्हणतं, कृती ज्याने निर्माण केली तो तिचा पहिला मालक. फोटोच्या बाबतीत फोटो काढणारा माणूस हाच निर्माता. इथपर्यंत तुम्ही खूश. पण त्याच कलमाच्या परंतुकात खंड (ख) आहे. त्याचा साध्या भाषेत अर्थ असा: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो सांगणारा.

म्हणजे क्लायंट.

ब्रिटनमध्येही पूर्वी हाच नियम होता. त्यांनी १९८८ च्या कायद्यात तो बदलला, आपल्याकडे तो आजही चालू आहे. त्यामुळे "तोंडी ठरलं, ॲडव्हान्स आला, शूट झालं" या पद्धतीने काम केलंत तर तुम्ही लायसन्स देतच नाही आहात. फोटो पूर्णपणे विकून मोकळे होताय, तेही डिशला साडेतीनशेने. मग उद्या त्याने तो फोटो पाकिटावर छापला, होर्डिंगवर लावला, भावाच्या हॉटेलला दिला, तरी तुमच्याकडे बोलायला जागा नाही. उलट तोच फोटो तुमच्या पोर्टफोलिओत टाकायला तुम्हाला त्याची परवानगी लागेल! हे ऐकून वर्कशॉपमध्ये दरवेळी दोन मिनिटं शांतता होते.

आता त्या कलमातले शब्द परत बघा: "वेगळं काही ठरलेलं नसेल तर." तुमची चावी इथेच आहे. वेगळं ठरवा, आणि शूटच्या आधी ठरवा. फोटो काढून झाले की हक्क क्लायंटकडे गेलेला असतो. मग तो परत मिळवायला त्याच्याकडून लिहून घ्यावं लागतं, आणि ते कोण देतंय? बिलाच्या तळाला बारीक अक्षरात "सर्व हक्क छायाचित्रकाराकडे" छापून काही होत नाही. ते तुम्ही एकट्याने लिहिलंय, समोरच्याने कबूल केलेलं नाही. कोटेशनमध्येच एक ओळ हवी आणि त्यावर क्लायंटचा होकार हवा:

"या कामातील सर्व छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. ग्राहकाला खाली लिहिलेल्या वापराचा परवाना पूर्ण पैसे मिळाल्यापासून लागू होईल."

छोट्या कामाला ईमेलवर "मंजूर" असं उत्तर घ्या. मोठ्या कामाला सहीचा कागद करा, आणि तो मसुदा वकिलाला एकदा दाखवून घ्या. तोच कागद पुढे वर्षानुवर्षं चालतो. एखादी कंपनी नोकरीवर ठेवून फोटो काढून घेत असेल तर प्रकरण वेगळं, तिथे हक्क कंपनीचा. आणि स्वतःच्या मनाने, कुणीही न सांगता काढलेले फोटो तुमचेच. घरी बसून उकडीच्या मोदकांचा सुंदर फोटो काढलात आणि महिन्याने तो एखाद्या ब्रँडला दिलात, तर सुरुवातीपासून मालक तुम्ही.

अकरा महिन्यांचा करार सगळ्यांना कळतो

"लायसन्स" म्हटलं की क्लायंट बिचकतो. फूड लायसन्सचं काहीतरी असेल, असं त्याला वाटतं. मग त्याला घरभाड्याच्या भाषेत सांगा. लिव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा करार आपल्याकडे कोणाला माहीत नाही? घर मालकाचं, राहायचं भाडेकरूने, मुदत ठरलेली, पोटभाडेकरू ठेवायचा नाही, राहायला घेतलेल्या घरात दुकान थाटायचं नाही. फोटोचा परवाना याच वळणाचा. घर विकत हवं असेल तर तेही मिळेल, पण विक्रीची किंमत आणि भाडं एक नसतं, हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

परवान्यात चार गोष्टी लिहायच्या. कुठे वापरणार: मेन्यू, स्विगी-झोमॅटो, सोशल मीडिया, पाकीट, होर्डिंग, टीव्ही. किती काळ. कोणत्या भागात. आणि एकट्यालाच की इतरांनाही देता येईल. हे लिहिलं नाही तर काय होतं, तेही कायद्यात आहे. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. हा कलम १९ चा नियम. तो हक्क विकण्यासाठी आहे, पण कलम ३०क मुळे परवान्यालाही लागू होतो. परवाना लेखी असावा हेही कायदाच सांगतो.

म्हणून माझ्यासारख्या घेणाऱ्यांनीही हे वाचावं. तुमचं लोणचं दुबईला जात असेल आणि परवान्यात प्रदेशाचा उल्लेखच नसेल, तर तो परवाना भारतापुरता. निर्यातीच्या बरणीवर तो फोटो छापण्याआधी "भारत आणि आखाती देश" एवढं लिहून घ्या. चार शब्दांचं काम आहे.

आधी तुमचा दिवस किती रुपयांचा आहे ते काढा

लायसन्स वगैरे सगळं नंतर. शूटचा दिवस तुम्हाला कितीला पडतो हेच माहीत नसेल तर वरच्या मजल्याचं बोलून काय उपयोग?

एक हिशोब मांडते. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. घरात महिन्याला ४०,००० रुपये द्यायचे आहेत. कॅमेरा, लेन्स, लाइट, लॅपटॉप मिळून ४,२०,००० चा माल, चार वर्षांनी बदलावा लागणार, म्हणजे महिन्याला ८,७५० बाजूला. (ईएमआय फिटला म्हणून हा खर्च संपत नाही, पुढच्या कॅमेऱ्याचे पैसे आत्तापासूनच साठवायचे असतात.) स्टुडिओच्या जागेतला वाटा ९,०००. सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, विमा ४,०००. पेट्रोल आणि फोन ६,०००. जाहिरात आणि किरकोळ ४,२५०. धंद्याचा खर्च झाला ३२,०००, घर धरून ७२,०००.

आता महिन्यात शूटचे दिवस किती? "तीस" म्हणू नका. एका शूटच्या मागे एक दिवस तयारीचा जातो: मेन्यू ठरवणं, भांडी-कापड आणणं, क्लायंटशी बोलणं. एक-दीड दिवस एडिटिंगचा. शिवाय नवीन काम शोधणं, बिलं करणं, पैशांसाठी फोन करणं. महिन्याला सहा शूट धरले तरी बरेच झाले. ७२,००० भागिले सहा, म्हणजे १२,०००. हा नफा नाही बरं का. हा तुमचा पडता भाव आहे. याच्या खाली गेलात की तुम्ही खिशातले पैसे घालून दुसऱ्याच्या हॉटेलची जाहिरात करताय.

आता डिशला साडेतीनशे लावून बघा. दिवसभर घाम गाळून तीस डिश काढल्या तरी १०,५००. पडत्या भावालाही पुरत नाहीत, आणि असिस्टंटचे पैसे अजून दिलेलेच नाहीत.

डिशवर दर लावणं सरसकट वाईट, असं मी म्हणणार नाही. स्विगी-झोमॅटोच्या यादीसाठी चाळीस डिश, एकच पार्श्वभूमी, एकच अँगल, प्लेट आली, क्लिक, पुढची प्लेट, अशा कामाला डिशचा दर सोयीचा असतो. फक्त तो दर दिवसाच्या भावातून काढा, आणि "किमान इतक्या डिश किंवा अर्ध्या दिवसाचे पैसे" ही अट टाका. नाहीतर दुपारच्या गर्दीत शेफ तुमची प्लेट शेवटी लावणार आणि तुम्ही पाच तासांत सात डिश घेऊन घरी येणार.

एक कोटेशन करून बघू

समजा कोल्हापूरचा एक मसाला ब्रँड आहे. आठ पाकिटं: कांदा-लसूण मसाला, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, मटण मसाला वगैरे. प्रत्येक पाकिटावर शिजवलेल्या पदार्थाचा फोटो हवा, आणि तेच फोटो सोशल मीडियावरही.

क्लायंट म्हणणार, "आठच तर डिश आहेत." पण तांबड्या रश्श्यावरची तर्री बघितली आहे ना? गरम असताना काय चमकते! थोडी थंड झाली की पृष्ठभाग मंद पडतो, कडेला तेलाचं वर्तुळ दिसायला लागतं. वाटी बदला, तर्री परत सोडा, परत टिपा. पांढऱ्या रश्श्याचं दुखणं उलटं. पांढऱ्या वाटीत तो दुधासारखा दिसतो, काळ्या मातीच्या भांड्यात घातला तर रंग करडा वाटतो. काजू-खसखशीचा दाटपणा दिसायला लाइट बाजूने फिरवावा लागतो. शिवाय पाकिटावर ब्रँडचं नाव, वजन, शाकाहारी-मांसाहारीचं चिन्ह यांना जागा सोडून फ्रेम बांधायची. हे काम दिवसाला चार डिशचंच आहे. म्हणून दोन दिवस.

शूट फी: दोन दिवसांचे २४,०००. इथे मी पडता भावच धरलाय, म्हणजे हिशोब कळायला सोपा जाईल. तुम्ही त्यावर तुमचा नफा चढवा. फूड स्टायलिस्ट १२,०००, असिस्टंट ३,०००, सामान आणि भांडी ७,०००. आठ फोटोंचं रिटचिंग, प्रत्येकी १,००० प्रमाणे ८,०००. बेरीज ५४,०००. सोशल मीडिया आणि वेबसाइटचा एक वर्षाचा भारतातला वापर मी शूट फीमध्येच धरते. त्याचे वेगळे पैसे मागितले की बोलणंच तुटतं.

पाकिटाचा वापर वेगळा. तीन वर्षं, भारत, मसाल्याच्या प्रकारात दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही: शूट फीएवढेच आणखी २४,०००. एकूण ७८,०००. होर्डिंग हवं असेल तर महाराष्ट्रात सहा महिन्यांसाठी शूट फीच्या निम्मे, १२,०००. एकूण ९०,०००. आणि "मला कसली मुदत नको, सगळं माझ्या नावावर करा" म्हणाला तर वापर फीच्या जागी शूट फीच्या चौपट, ९६,०००. म्हणजे एकूण दीड लाख. हे दुप्पट-चौपट कायद्यातलं नाही, बाजाराचा सरकारी दरही नाही. ही माझी फुटपट्टी आहे. तुमची वेगळी असू शकते, फक्त प्रत्येक क्लायंटसमोर तीच ठेवा. रत्नागिरीच्या क्लायंटला एक आणि त्याच्या साडूला दुसरी असं झालं की आठ दिवसांत कळतंच.

हे सगळं एका आकड्यात घालून पाठवू नका. शूट, खर्च आणि वापर, तीन ओळी वेगळ्या दिसू द्या. घासाघीस होणारच, आपला माणूस भाजी घेतानाही करतो. पण तीन ओळी असल्या की तुम्ही म्हणू शकता, "ठीक आहे दादा, तीन वर्षांऐवजी दोन वर्षांचं करू, १६,००० घ्या." काहीतरी कमी देऊन पैसे कमी केले. एकच आकडा असेल तर तुम्ही तेवढंच काम कमी पैशांत करता आणि पहिला आकडा फुगवलेला होता असा त्याचा समज होतो.

पाकिटाच्या बाबतीत एक अट फोटोग्राफर हमखास विसरतात. छपाईचे सिलिंडर महाग असतात आणि छापखाना कमीत कमी इतका माल घ्याच म्हणतो. परवाना मार्चमध्ये संपला आणि गोदामात छापलेल्या पाकिटांचे रोल पडले आहेत, तर त्याने काय ते जाळायचे? मुदत संपल्यावर नवीन छपाई नाही, पण छापलेला माल सहा महिन्यांत संपवायला मुभा, असं लिहून टाका. तुमचं काही जात नाही, आणि धंदा कळणारा माणूस आहे हे क्लायंटला दिसतं.

मिसळवाल्याला लायसन्स शिकवू नका

आता थोडं उलट बोलते. एका गल्लीत एकच मिसळीचं हॉटेल आहे, मालक स्वतः गल्ल्यावर बसतो, फोटो हवेत ते मेन्यू बोर्डला आणि झोमॅटोला. त्याला एक वर्षाचा, एका माध्यमाचा परवाना देऊन दरवर्षी नूतनीकरण मागणं म्हणजे स्वतःचंच हसू करून घेणं. तो पुढच्या वेळी पुतण्याच्या आयफोनने फोटो काढेल, आणि बरोबर करेल. अशा माणसाला सरळ लिहून द्या: "तुमच्या या हॉटेलसाठी, कुठेही, कायम वापरा." काळ आणि माध्यम मोकळं सोडा. पण दोन खुंट्या ठोकून ठेवा. कॉपीराइट तुमचा, आणि दुसऱ्या धंद्याला द्यायचा नाही. कारण उद्या त्याच मिसळीच्या बारा फ्रँचायझी निघतील, प्रत्येक फ्रँचायझीचा मालक वेगळा असेल, आणि तुमचा फोटो बारा बोर्डांवर जाईल. "तुमच्या या हॉटेलसाठी" हे शब्द तेव्हा कामाला येतात.

आणि हो, ॲपवर फोटो चढवताना हॉटेलवाला त्या ॲपच्या अटी मान्य करतो, त्यात ॲपला फोटो वापरायची परवानगी द्यावी लागते. तुमच्या परवान्यात "ग्राहकाच्या विक्रीसाठी डिलिव्हरी ॲपना वापर देता येईल" हे नसेल, तर तुम्ही क्लायंटला नकळत अडचणीत टाकताय.

एजन्सीमार्फत आलेल्या कामात परवाना कुणाच्या नावाने, हे पहिल्या दिवशी विचारा. एजन्सी बदलते, ब्रँड तोच राहतो, मग फोटो कुणाचा यावर दोघं भांडतात आणि मधे तुम्ही. ब्रँडचं नाव लिहा, आणि एजन्सीने फक्त त्या ब्रँडसाठी वापरावा असं लिहा.

पैसे हातात येईपर्यंत

निम्मा ॲडव्हान्स, तोही सामान आणण्याआधी. खाण्याच्या शूटमध्ये हे जास्तच लागू पडतं, कारण मासळी आणि मलई तारीख पुढे ढकलत नाहीत. आदल्या दिवशी रद्द झालं तर आणलेल्या सामानाचे सगळे आणि शूट फीचे निम्मे पैसे, असं लिहून ठेवा. रेसिपी बदलली म्हणून परत शूट असेल तर ते नवीन काम. तुमचा फोकस चुकला असेल तर फुकट. मूळ रॉ फाइल द्यायची नाही, हेही आधीच सांगा, नाहीतर शेवटच्या दिवशी "पेनड्राइव्हमध्ये सगळंच टाका ना" सुरू होतं.

जीएसटीची नोंदणी असेल तर १८ टक्के वर लावा, आणि कोटेशनमध्ये "जीएसटी वेगळा" लिहा. महाराष्ट्रात नुसती सेवा देणाऱ्याला साधारणपणे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. कंपनीने टीडीएस कापला तर घाबरू नका, तो तुमच्या पॅनवर जमा होतो. जमा झालाय का ते मात्र बघत जा.

उद्यम नोंदणी केली नसेल तर करून टाका. ऑनलाइन आहे, फुकट आहे, आणि एकटा फोटोग्राफरही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येतो. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज. मोठ्या कंपनीच्या अकाउंट्स विभागाला बिलावरचा उद्यम नंबर बरोबर दिसतो.

राहता राहिलं नूतनीकरण. परवाना कधी सुरू झाला आणि कधी संपतो, हे फोटोच्या फाइलनावासकट एका शीटमध्ये लिहा आणि संपायच्या दोन महिने आधीचा रिमाइंडर मोबाइलवर लावा. तेव्हा क्लायंटला धमकीचा मेल नको. एवढं पुरतं: "दादा, तांबड्या रश्श्याच्या पाकिटाचा परवाना ३१ मार्चला संपतोय. हेच फोटो पुढे दोन वर्षं चालू ठेवायचे असतील तर १६,०००, नवीन शूट करायचं असेल तर कोटेशन पाठवते. छपाईची पुढची ऑर्डर देण्याआधी सांगा."

कोटेशनचा नमुना व्हिडिओच्या खाली दिलाय. त्यातले आकडे पुसून तुमचे घाला, आणि कॉपीराइटची ओळ मात्र पुसू नका.